परकी देणगी आणि ‘राजकीय’ हा शिक्का

स्वयंसेवी संस्थांना मिळणाऱ्या परदेशी पैशांवर निर्बंध घालणारा कायदा एखाद्या देशाने केला की पाश्चात्त्य राजधान्यांतून ‘चिंता’ व्यक्त होते. ज्या देशाविषयी ती व्यक्त झाली तो देश ‘आमच्या अंतर्गत बाबीत ढवळाढवळ नको’ असे उत्तर देतो. रशियाने २०१२ मध्ये, हंगेरीने २०१७ मध्ये आणि जॉर्जियाने २०२४ मध्ये असे कायदे केले तेव्हा हेच घडले. भारतही या यादीबाहेर नाही. संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्यात, म्हणजे ‘एफसीआरए’त, दुरुस्ती केली. त्यानंतर २० ऑक्टोबर रोजी संयुक्त राष्ट्रांच्या तत्कालीन मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बॅशलेट यांनी या कायद्याच्या वापराविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. मानवाधिकारांच्या नावाखाली कायदेभंगाला माफी देता येणार नाही, असे उत्तर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी दिले. दोन्ही बाजूंची निवेदने वृत्तसंस्थांवरून फिरली आणि विषय मिटला.

तो मिटला दिल्ली आणि जिनिव्हापुरता. या कायद्याची खरी कहाणी वाचायची तर राजधान्यांपेक्षा घाटापलीकडचे, पणजीहून चार-पाच तासांवर असलेले हुबळी-धारवाड हे जोडशहर अधिक उपयोगी पडते. परदेशी पैशावर उभे राहिलेले लोकोपयोगी काम येथे पावणेदोनशे वर्षांपासून होत आले आहे. त्याचे हेतू वेगवेगळे होते आणि त्यामागची माणसेही वेगळी होती. राज्यसत्तेने या कामाकडे प्रत्येक काळात कोणत्या नजरेने पाहिले याचा जवळपास अखंड आलेख या एका गावाच्या इतिहासात सापडतो.

आरंभ बासेल मिशनपासून करावा लागतो. स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात मुख्यालय असलेल्या या मिशनचे धर्मोपदेशक १८३४ मध्ये मंगळुरात उतरले. १८३७ मध्ये त्यांनी धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला ठाणे उभारले. तेव्हाचा हा मुलूख मुंबई इलाख्यातला. मिशनच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘दक्षिण मराठा’ असा येतो, हे आजच्या सीमावादाच्या धुरळ्यात सहज विसरले जाते. धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता आणि त्याविषयीचे आक्षेप त्या काळीही होते. पण त्याच मिशनने शाळा काढल्या आणि छापखाना चालवला. १८५३ मध्ये धारवाडला आलेल्या फर्डिनंड किटेल यांच्या हातून १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेला कन्नड-इंग्रजी कोश घडला. मिशनची एक व्यापारी कंपनीही होती. किनारपट्टीवरील कौलांचे कारखाने आणि विणकामाचे उद्योग तिच्याशी निगडित होते आणि नफ्याचा वाटा मिशनच्या कामाला जाई.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि हे सारे एका रात्रीत संशयास्पद ठरले. मुख्यालय तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये असले तरी मिशनचे बहुसंख्य कार्यकर्ते जर्मन होते. भारतातील जर्मन मिशनऱ्यांना स्थानबद्ध करण्यात आले. लष्करी वयाच्या अनेकांची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली. पुढे ‘गोलकोंडा’ जहाजातून मिशनऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना मायदेशी धाडण्यात आले. व्यापारी कंपनीची मालमत्ता ताब्यात घेऊन १९१९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’कडे सोपवण्यात आली. ज्यांनी या प्रदेशाच्या भाषेचा कोश रचला त्यांचीच संस्था आता शत्रूची संस्था म्हणून मोजली जाऊ लागली.

अशा संस्थांचे पुढे काय करायचे हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय वाटाघाटींच्या मेजावर गेला. व्हर्सायच्या तहाचे ४३८ वे कलम केवळ याच विषयावर आहे. जर्मन मिशनांची मालमत्ता, मिशनच्या मदतीसाठी नफा देणाऱ्या व्यापारी संस्थांच्या मालमत्तेसह, मिशनकार्यासाठीच वापरली जावी आणि ती त्याच धर्मश्रद्धेच्या विश्वस्तांकडे द्यावी, असे ते कलम सांगते. परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थेच्या भवितव्याचा निर्णय तिच्या गावात होत नाही, हे हुबळी-धारवाडच्या रहिवाशांना शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकले होते.

त्याहून महत्त्वाची होती युद्धानंतरची अट. ब्रिटिश नसलेल्या मिशनांना भारतात काम करायचे असेल तर सरकारशी निष्ठा राखण्याची आणि राजकीय बाबींपासून दूर राहण्याची हमी द्यावी लागे. मिशनच्या दप्तरांत हा हमीपत्रांचा प्रकार ‘मेमोरँडम’ म्हणून ओळखला जातो. हमी साधी वाटते. पण ‘राजकीय’ म्हणजे काय, हे ठरवण्याचा अधिकार हमी घेणाऱ्याकडेच होता. मदुराई भागात काम करणारे अमेरिकी मिशनरी राल्फ काइटान यांना १९३० मध्ये भारत सोडावा लागला. त्यांचा अपराध गांधीविचारांशी जवळीक आणि गांधीजींच्या एका इंग्रज सहकाऱ्याचे आतिथ्य एवढाच होता. रुग्णसेवा आणि शाळा हे सेवाकार्य, तर खादी घालणाऱ्याला घरी जेवायला बोलावणे हे राजकारण. ही रेषा ब्रिटिशांनी आखली. ते गेले, पण रेषा पुसली गेली नाही.

स्वतंत्र भारतात ती आणीबाणीत नव्याने उमटली. परदेशी देणगीविषयीचा पहिला कायदा १९७६ चा. निवडणुकीतील उमेदवार, राजकीय पक्ष, लोकप्रतिनिधी आणि वृत्तपत्रे यांच्यापर्यंत परदेशी पैसा पोचू नये हा त्याचा मुख्य रोख होता आणि तो गैर म्हणता येणार नाही. शीतयुद्धाच्या काळात दोन्ही महासत्ता पैशांच्या थैल्या घेऊन फिरत होत्या. स्वयंसेवी संस्थांना त्या कायद्याने मुख्यतः माहिती देण्याचे बंधन घातले. १९८४ च्या दुरुस्तीने नोंदणी सक्तीची झाली. २०१० मध्ये मनमोहन सिंग सरकारने जुना कायदा रद्द करून नवा आणला. नोंदणीला पाच वर्षांची मुदत घालणारा आणि ‘राजकीय स्वरूपाची संस्था’ ही कल्पना विस्तारणारा कायदा तो हाच. २०१२ मध्ये कुडनकुलम अणुप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनामागे अमेरिकी आणि स्कँडिनेव्हियन देशांतील संस्था असल्याचे तत्कालीन पंतप्रधानांनीच म्हटले होते. या प्रश्नावर भाजपला एकट्यालाच धारेवर धरणाऱ्या काँग्रेसजनांनी हा पूर्वेतिहास एकदा चाळावा.

२०२० च्या दुरुस्तीने मात्र कायद्याची जात बदलली. परदेशी देणगी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेचे मूळ खाते नवी दिल्लीत संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच हवे. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. नोंदणी स्थगित ठेवण्याचा १८० दिवसांचा काळ आणखी १८० दिवसांनी वाढवण्याची मुभा सरकारला मिळाली. आणि मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे, ती नोंदणीकृत असली तरी, वळती करण्यास पूर्ण बंदी झाली.

ही शेवटची तरतूद शहरी वाचकाला किरकोळ वाटेल. कलघटगी, कुंदगोळ किंवा नवलगुंद तालुक्यात काम करणाऱ्या संस्थेला ती जीवघेणी ठरते. हे चक्र असे चालत असे. परदेशातील प्रतिष्ठान एकाच मोठ्या संस्थेला निधी देई. ती संस्था हिशेब, लेखापरीक्षण आणि इंग्रजी अहवालांचा भार स्वतःवर घेऊन त्यातले चार-पाच लाख खेड्यातल्या महिला मंडळाला वा शेतकरी गटाला देई. मंडळाला परदेशाची गरज नव्हती आणि परदेशाला मंडळाचे नावही ठाऊक नव्हते. आता त्या मंडळाने स्वतःची नोंदणी केली पाहिजे. त्यासाठीच्या नियमानुसार गेल्या तीन आर्थिक वर्षांत मिळून किमान पंधरा लाख रुपये समाजकार्यावर खर्च झालेले असले पाहिजेत. मदत हवी असेल तर आधी मदतीशिवाय पंधरा लाख खर्च करून दाखवा, असा हा न्याय आहे. लहान मुलाला पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू न देण्यातला हा प्रकार!

हुबळी-धारवाडमध्ये परदेशस्थ भूमिपुत्रांनी गावाकडे पैसा आणि कल्पना पाठवण्याची परंपरा मोठी आहे. हुबळीत जन्मलेले आणि अमेरिकेत दूरसंचार उद्योगात नाव कमावलेले गुरुराज देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाने हुबळीला केंद्र मानून शेती, कौशल्यशिक्षण आणि उद्योजकतेचे प्रयोग उभे केले. ‘सँडबॉक्स’ या नावाने ते ओळखले जातात. मोठ्या संस्थांना सनदी लेखापाल, वकील आणि दिल्लीच्या खेपा घालणारा माणूस ठेवता येतो. कायदा कितीही कडक झाला तरी त्या तग धरतात. कडक कायद्याने लहान संस्था गळतात आणि मोठ्या अधिक मोठ्या होतात. सरकारला ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांची संख्या त्यामुळे आपोआप कमी होते. हा हेतू होता की नाही यावर वाद घालता येईल, पण परिणाम समोर आहे. १ जानेवारी २०२२ रोजी एका दिवसात सुमारे सहा हजार संस्थांची नोंदणी संपुष्टात आली. त्यांतील बहुतेकांनी नूतनीकरणाचा अर्जच केला नव्हता. अर्ज न करणाऱ्यांत निष्क्रिय संस्था असतील, तशा दमून गेलेल्याही असतील.

परंतु हुबळी-धारवाडच्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण पैशाच्या रकमेचे नाही. ते कामाच्या स्वरूपाचे आहे. शिकागोतील काही भारतीयांनी १९७४ मध्ये ‘इंडिया डेव्हलपमेंट सर्व्हिस’ ही संस्था काढली. त्यांतील एस. आर. हिरेमठ अमेरिकेतील नोकरी सोडून १९७९ मध्ये पत्नीसह राणेबेन्नूर तालुक्यातील मेडलेरी या गावी आले आणि ग्रामविकासाच्या कामाला लागले. तो तालुका तेव्हा धारवाड जिल्ह्यात होता. पतपुरवठा, लहान शेतकऱ्यांची संघटना, रोजगार असे ते काम होते. त्याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते.

कामाला लागलेल्या माणसाला मग पुढचे प्रश्न दिसू लागतात. तुंगभद्रेचे पाणी कारखान्याच्या सांडपाण्याने का नासते? गावाच्या सामायिक जमिनी कोणाच्या हवाली होतात? यांतून १९८४ मध्ये धारवाडला ‘समाज परिवर्तन समुदाय’ उभा राहिला. राज्य सरकार आणि हरिहर पॉलिफायबर्स यांची भागीदारी असलेल्या ‘कर्नाटक पल्पवुड’ या कंपनीला निलगिरीच्या लागवडीसाठी सुमारे तीस हजार हेक्टर जमीन देण्याचे ठरले होते. शिवराम कारंत यांच्यासह समुदायाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी हनगल तालुक्यातील कुसनूर येथे लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि त्या जागी उपयुक्त झाडे लावली. ‘उपटा आणि लावा’ असा तो सत्याग्रह होता. काही वर्षांतच कंपनी गुंडाळली गेली. याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी बळ्ळारी परिसरातील बेकायदा खाणींविषयी निर्णायक निकाल दिला आणि सर्वाधिक उल्लंघन करणारे खाणपट्टे रद्द केले. गोव्याच्या खाणींविषयीचा २१ एप्रिल २०१४ चा निकाल त्यानंतर सुमारे एका वर्षाने आला. गोव्याच्या खाणप्रश्नाची चर्चा येथे अनेकदा तो केवळ गोव्याचा असल्यासारखी होते. घाटापलीकडच्या धारवाडातून त्याला समांतर लढा चालला होता, हे लक्षात घेतले तर बरेच काही उलगडते.

आता कायद्याची रेषा या कामावर ठेवून पाहावी. शेतकऱ्याला शेळी घ्यायला कर्ज मिळवून देणे हे विकासकार्य. त्याच शेतकऱ्याचे गायरान कारखान्याला का दिले, असे विचारणे हे राजकारण. २०११ च्या नियमांतील एक उपनियम सांगत होता की सार्वजनिक प्रश्नांसाठी बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको किंवा जेल भरो यांचा नेहमी अवलंब करणारी संस्था ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवता येईल. मग तिला परदेशी देणगी बंद. हा उपनियम वाचून नरगुंद-नवलगुंदचा शेतकरी हसेल. कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या मागणीसाठी २०१५ पासून त्याने याहून वेगळे काही केलेले नाही. म्हादईचे पाणी वळवू नये म्हणून आंदोलन करणारा गोमंतकीयही हसेल. पाण्याच्या तंट्यात हे दोघे एकमेकांसमोर उभे आहेत. या उपनियमाच्या चौकटीत मात्र दोघेही एकाच रांगेत बसतात. या दोन्ही बाजूंच्या आंदोलकांचा परदेशी पैशाशी काही संबंध आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. आपल्याकडे लोक दाद कशी मागतात हेच मुळी हा नियम संशयास्पद मानतो, एवढाच मुद्दा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० रोजी ‘इन्साफ’ या संस्थेच्या याचिकेवर या उपनियमाची धार बोथट केली. सक्रिय किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना लोकांच्या प्रश्नासाठी बंद वा हरताळाला पाठिंबा देणाऱ्या संस्थेला केवळ तेवढ्यासाठी परदेशी देणगीपासून वंचित ठेवता येणार नाही, असे न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि दीपक गुप्ता यांच्या पीठाने म्हटले. निकालाला सात महिने होतात न होतात तोच सप्टेंबरची दुरुस्ती आली. एक दार न्यायालयाने किलकिले केले, तर दुसरे संसदेने बंद केले. दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या ‘नोएल हार्पर’ प्रकरणात न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी सरकारची बाजू जवळपास पूर्ण उचलून धरली. परदेशी देणगी मिळवणे हा कोणाचा निरपेक्ष हक्क नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. पदाधिकाऱ्यांच्या आधारसक्तीऐवजी पारपत्र चालेल, एवढाच दिलासा मिळाला.

सरकारच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे मात्र नव्हे. स्वयंसेवी क्षेत्रात कागदी संस्था आहेत आणि हिशेब न देणाऱ्याही आहेत. परदेशी निधीदात्याचे प्राधान्य हेच गावाचे प्राधान्य म्हणून मिरवणाऱ्याही आहेत. धर्मांतराचा मुद्दा गोव्यात काय किंवा धारवाडात काय, केवळ राजकीय बागुलबुवा नाही. त्यामागे इतिहासाची ठसठस आहे. दहशतवादाला जाणारा पैसा रोखण्याची जबाबदारीही भारताने आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारली आहे. पण गंमत याच मुद्द्यात आहे. या जबाबदारीचे मोजमाप करणाऱ्या ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय गटाचा भारताविषयीचा अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीसपैकी सदतीस निकषांवर भारताला चांगला शेरा मिळाला. तीन निकषांवर ‘अंशतः पूर्तता’ असा शेरा आला. त्यांतला एक निकष ना-नफा संस्थांविषयीचा आहे. सरसकट सर्वांवर निर्बंध घालू नका, खरोखर जोखीम असलेल्या संस्था हेरा आणि तेवढ्यांवरच लक्ष ठेवा, अशी त्या निकषाची अपेक्षा आहे. ज्या कारणासाठी कायदा कडक केल्याचे सांगितले जाते, त्याच कारणाच्या परीक्षेत गुण कमी पडले आहेत.

कायद्याचा समतोल ढळल्याचा याहून ठळक पुरावा राजकीय पक्षांच्या वाट्याला आलेल्या सवलतीत मिळतो आणि त्याचा धागा थेट गोव्यापर्यंत येतो. ब्रिटनमधील वेदांता रिसोर्सेस या कंपनीच्या भारतातील उपकंपन्यांकडून भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी देणग्या घेतल्या होत्या. त्यांत सेसा गोवा ही कंपनीही होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०१४ रोजी या देणग्या १९७६ च्या कायद्याचा भंग ठरवल्या आणि कारवाईचे निर्देश दिले. कारवाई झाली नाही. त्याऐवजी २०१६ च्या वित्त कायद्यातून ‘परदेशी स्रोत’ या शब्दाची व्याख्याच बदलण्यात आली, तीही २०१० पासून पूर्वलक्षी प्रभावाने. तेवढ्याने १९७६ च्या कायद्याखालील जुन्या देणग्या झाकल्या जात नव्हत्या. म्हणून २०१८ च्या वित्त कायद्याने ती सवलत मागे नेत ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत पोचवली. पक्षांना परदेशी पैशापासून दूर ठेवण्यासाठी केलेल्या कायद्यातून पक्ष अलगद सुटले आणि त्यांच्याआडून येणाऱ्या महिला मंडळांभोवती फास आवळला. संसदेत या सवलतीवर खडाजंगी झाली नाही, यात नवल नाही. लाभार्थी दोन्ही बाकांवर बसलेले होते.

आता पुन्हा परराष्ट्रांच्या चिंतेकडे. २०१५ मध्ये फोर्ड फाउंडेशनला केंद्रीय गृह मंत्रालयाने निगराणीच्या यादीत टाकले. अमेरिकेचे तत्कालीन राजदूत रिचर्ड वर्मा यांनी जाहीर भाषणात काळजी व्यक्त केली आणि पुढल्या वर्षी फोर्डवरील निर्बंध सैल झाले. कोलोरॅडोच्या ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ साठी डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या परराष्ट्र व्यवहार समितीने सुनावणी घेतली. तरीही मार्च २०१७ मध्ये त्या संस्थेला भारतातील काम गुंडाळावे लागले. मिशनरीज ऑफ चॅरिटीचे नूतनीकरण २०२१ च्या नाताळच्या दिवशी नाकारले गेले आणि जगभर गवगवा झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पूर्ववत झाले. या तिन्ही घटनांत राजनैतिक दबाव कधी चालला, कधी चालला नाही. पण प्रत्येक वेळी तो आपल्या देशाच्या किंवा जगभर नाव असलेल्या संस्थेसाठी होता. नवलगुंदच्या गटाचे चार लाख रुपये थांबले म्हणून कोणत्याही राजदूताने भाषण केल्याचे ऐकिवात नाही.

मोठी राष्ट्रे आपल्या सोयीने चिंता करतात हे जगभर दिसते. इथियोपियाने २००९ मध्ये दहा टक्क्यांहून अधिक परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना मानवाधिकारांच्या क्षेत्रात काम करण्यास मनाई केली, तरी पाश्चात्त्य देशांची त्या देशाला जाणारी मदत थांबली नाही. २०१९ मध्ये तो कायदा बदलला तो देशांतर्गत सत्तांतरामुळे. हंगेरीचा कायदा युरोपीय न्यायालयाने १८ जून २०२० रोजी अवैध ठरवला, कारण हंगेरी युरोपीय संघाचा सदस्य होता आणि दाद मागायला न्यायासन होते. जॉर्जियात अध्यक्षांनी नकाराधिकार वापरला, रस्त्यांवर लोटलेल्या जनसमुदायाने विरोध केला, तरी २८ मे २०२४ रोजी संसदेने तो नकार ओलांडला. असे कायदे करणारी सरकारे अमेरिकेच्या १९३८ च्या ‘फारा’ कायद्याकडे बोट दाखवतात. ते बोट नेमके नाही. परक्या सत्तेच्या वा मालकाच्या सांगण्यावरून काम करणाऱ्याने नोंदणी करावी, असे ‘फारा’ सांगतो. केवळ परदेशातून पैसा आला म्हणून तो कोणाला परक्याचा हस्तक ठरवत नाही. अमेरिकेच्या आजच्या चिंतेला वजन किती द्यावे हा प्रश्न मात्र रास्त आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्या देशाने स्वतःचीच परदेशी मदत गोठवली आणि जुलैमध्ये ‘यूएसएड’ला टाळे लावले. भारतीय कायद्याने पाच वर्षांत जेवढे ओघ अडवले नसतील तेवढे वॉशिंग्टनमधील एका सहीने आटले.

स्वित्झर्लंडचे उदाहरण तर बासेल मिशनच्या गावी आवर्जून आठवावे असे. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या ‘एफ्टा’ गटाशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. पंधरा वर्षांत शंभर अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे उद्दिष्ट त्यात आहे. बासेलच्या औषध कंपनीचे भांडवल हुबळीत यायचे ठरले तर जिल्हाधिकारी हार घेऊन उभे राहतील आणि राहावेच. बासेलच्याच एखाद्या धर्मादाय निधीला कुंदगोळच्या शाळेला ग्रंथालय द्यायचे असेल तर शाळा चालवणाऱ्या संस्थेला दिल्लीतील खाते, पंधरा लाखांचा पूर्वखर्च, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे आणि पाच वर्षांनी पुन्हा हे सारे करण्याची तयारी हवी. नफा मिळवायला येणारा परका पाहुणा ठरतो. परताव्याची अपेक्षा न ठेवणाऱ्या परक्याची मात्र चौकशी होते.

गोव्यात हा प्रश्न घरापर्यंत येतो, तो पारपत्राच्या रंगाने. भारतीय पारपत्र राखून आखातात वा जहाजावर नोकरी करणाऱ्याने गावच्या देवळाला, चॅपेलला किंवा शाळेला आपल्या कमाईतून दिलेली देणगी कायद्याच्या दृष्टीने परदेशी नाही. त्याच घरातला धाकटा भाऊ पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झाला असेल तर त्याने दिलेले पाचशे रुपयेही परदेशी देणगी ठरतात, मग खिशात ‘ओसीआय’ कार्ड असो वा नसो. जत्रेच्या वर्गणीची पावती फाडणाऱ्या खजिनदाराला हा भेद ठाऊक असतोच असे नाही. नातेवाईकाने नातेवाईकाला पैसे पाठवण्याबाबत सरकारने २०२२ मध्ये उदारपणा दाखवला आणि कळवण्याची गरज नसलेली वार्षिक मर्यादा एक लाखावरून दहा लाखांवर नेली. संस्थांना तशी कोणतीही किमान मर्यादा नाही. पाच-दहा हजारांच्या देणग्यांना साध्या नोंदीवर मुभा देणे आणि ठरावीक रकमेपर्यंतचा निधी लहान स्थानिक संस्थांकडे वळवण्याची परवानगी पुन्हा देणे, या दोन दुरुस्त्यांनी राष्ट्रीय सुरक्षेला तडा जाण्याचे कारण दिसत नाही. त्यासाठी जिनिव्हाच्या निवेदनाची गरज नाही. धारवाडच्या आणि गोव्याच्या खासदारांनी, म्हादईवर एकमेकांशी भांडून उरलेल्या वेळात, लोकसभेत हा विषय काढला तरी पुरेसे आहे. गोव्याचे दोन्ही खासदार दोन वेगवेगळ्या पक्षांचे आहेत आणि पारपत्राचे दोन रंग त्या दोघांच्याही मतदारसंघांत घरोघर सापडतात.